विश्लेषण : दोन रात्रींची क्रूझ, कंपनी अनोळखी… पैसे भरण्याआधी काय तपासायचे?

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या किंवा नुसतेच खोल समुद्रात जाऊन परत येणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझ आता लग्नाचा वाढदिवस, मधुचंद्र किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठीचा एक पर्याय झाल्या आहेत. पण विमान कंपनी किंवा हॉटेल निवडताना असते तेवढी माहिती क्रूझ कंपनीबद्दल फारशी कुणाकडे नसते. पहिलीच सफर, कंपनीचे नाव नवे आणि पैसे मात्र अनेकदा काही महिने आधी भरायचे. अशा वेळी नेमके काय विकत घेतले जाते, काय बिघडू शकते आणि बिघडलेच तर दाद कुठे मागायची, याचा हा आढावा.

क्रूझची चर्चा आताच का?

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले. २०२९ पर्यंत सागरी क्रूझ प्रवाशांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यानंतर २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे दहा लाख प्रवासी हाताळण्याची या टर्मिनलची क्षमता आहे.

देशांतर्गत क्रूझच्या बाजारात सध्या ठळक नाव आहे ते कॉर्डेलिया क्रूझेसचे. या कंपनीची सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस' या जहाजावर सुरू झाली. 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही आणखी दोन जहाजे भाडेकराराने घेणार असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पुढील काही वर्षांत बंदरे वाढतील, जहाजे वाढतील आणि जाहिरातीही वाढतील. नवी नावे या बाजारात उतरतील. पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्यांना नव्या किंवा कमी परिचित कंपनीवर विश्वास टाकण्याचा प्रश्न त्यामुळे वारंवार पडणार आहे.

बोटीचे तिकीट आणि क्रूझचे तिकीट यात फरक काय?

कोकणाला बोटीचा प्रवास नवा नाही. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटी अनेक दशके चालल्या. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग मराठीत आला तो याच प्रवासातून. त्या बोटीच्या तिकिटात एक गोष्ट पक्की होती. प्रवासी एका बंदरात चढणार आणि ठरलेल्या बंदरात उतरणार. उतरण्यासाठीच तो पैसे मोजत असे.

क्रूझचा करार तसा नसतो. त्यात जहाजावरील राहण्याची खोली, जेवण आणि करमणूक विकली जाते. मार्गावरील बंदरे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असली, तरी अटी-शर्तींमध्ये बहुतेक कंपन्या मार्ग बदलण्याचा, बंदर वगळण्याचा किंवा वेळापत्रक पुढे-मागे करण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवतात. हवामान, बंदरातील गर्दी, यांत्रिक बिघाड, स्थानिक प्रशासनाची परवानगी अशी कारणे त्यात दिलेली असतात. हा प्रकार केवळ भारतातील नाही, जगभरातील क्रूझ कंपन्यांच्या करारांत अशी कलमे असतात.

हा फरक लक्षात न आल्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा अपेक्षाभंग होतो. गोवा पाहायचा असेल तर रेल्वे, बस, विमान हे स्वस्त आणि खात्रीचे पर्याय आहेत. क्रूझ घ्यायची ती जहाजावरच्या दोन दिवसांसाठी.

सफर छोटी असली की धोका कमी असतो का?

पैशांच्या बाबतीत धोका कमी वाटतो, कारण एकूण रक्कम कमी असते. प्रत्यक्षात छोट्या सफरीत चुकीला जागाच उरत नाही. सात रात्री आणि पाच बंदरांच्या सफरीत एक बंदर हुकले तरी चार उरतात. दोन रात्री आणि एका बंदराच्या सफरीत ते बंदर हुकले तर जाहिरातीतला निम्मा कार्यक्रम जातो. जहाज सुटायला पाच-सहा तास उशीर झाला, तर मोठ्या सफरीत तो विसरला जातो. छोट्या सफरीत पहिली संध्याकाळच संपते.

गोव्याचेच उदाहरण घेता येईल. क्रूझ जहाजे मुरगाव बंदरात लागतात. तेथून पणजी रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर आहे. जहाजातून उतरणे, गाडी मिळवणे, परतीचा रस्ता आणि जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी परत हजर होण्याची अट, हे सगळे वजा केले की हातात काही तासच राहतात. स्वतःहून फिरायला गेलेला प्रवासी उशिरा पोहोचला तर जहाज थांबत नाही. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीची गाडी रखडली, तर मात्र जहाज साधारणपणे थांबते.

लक्षद्वीपच्या सफरीत आणखी एक पायरी असते. आगत्तीसारख्या बेटावर मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळलेला असेल तर हे उतरणे रद्द होऊ शकते.

नव्या कंपनीचे जहाजही नवे असते का?

बहुधा नसते. नवे क्रूझ जहाज बांधण्याचा खर्च प्रचंड असल्याने नव्या कंपन्या वापरलेली जहाजे विकत किंवा भाड्याने घेतात, नाव आणि रंग बदलतात आणि सेवा सुरू करतात.

'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समधील सेंट नाझेर येथे बांधले गेले. रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ते फ्लोरिडाहून तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी धावू लागले. छोट्या सफरी डोळ्यांपुढे ठेवूनच त्याची रचना झाली होती. पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज' वगैरे नावे घेत ते भारतात आले. त्याचे आकारमान सुमारे ४८ हजार ५०० ग्रॉस टन आहे. हे वजनाचे नव्हे, तर जहाजातील बंदिस्त जागेचे माप असते. समाजमाध्यमांवर ज्याच्या चित्रफिती सतत दिसतात, ते 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे अडीच लाख ग्रॉस टनांचे आहे. म्हणजे पाचपटीहून मोठे. चित्रफितीतील पाण्याच्या घसरगुंड्या डोक्यात ठेवून पाचपट लहान जहाजावर चढले, तर निराशा ठरलेली.

जहाज जुने म्हणजे असुरक्षित, असे नाही. देखभाल कशी होते, यावर ते ठरते. मात्र वय कळले की अपेक्षा जाग्यावर येतात. खोल्या लहान, बाल्कनी मोजक्या, वातानुकूलन आणि पाणीपुरवठ्याच्या तक्रारींची शक्यता जास्त, हे आधीच गृहीत धरता येते. जहाजाचा इतिहास शोधणे अवघड नसते. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ क्रमांक मिळतो आणि नाव, मालक, ध्वज बदलला तरी तो बदलत नाही. हा क्रमांक शोधयंत्रात टाकला की जहाजाची जुनी नावे आणि बांधणीचे वर्ष समोर येते. जाहिरातीत फक्त कंपनीचे नाव असेल आणि जहाजाचे नसेल, तर ते आधी विचारून घ्यावे.

याआधीच्या कंपन्यांचे काय झाले?

गेल्या काही वर्षांचा अनुभव सावध करणारा आहे. मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. ती सेवा टिकली नाही. एप्रिल २०१९ मध्ये एस्सेल समूहाशी संबंधित जलेश क्रूझेसने 'कर्णिका' हे जहाज मुंबईत आणले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सफरी थांबल्या, ऑक्टोबरमध्ये कंपनीने कामकाज बंद केले आणि नोव्हेंबरमध्ये 'कर्णिका' तोडणीसाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर गेली. पहिल्या सफरीपासून भंगारापर्यंतचा हा प्रवास जेमतेम दीड वर्षाचा होता.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की 'कर्णिका' आणि 'एम्प्रेस' ही दोन्ही जहाजे १९९० चीच. एक तिसाव्या वर्षी मोडीत निघाले, दुसऱ्याने एकतिसाव्या वर्षी भारतात नवी सुरुवात केली. फरक जहाजांच्या वयात नव्हता, ती चालवणाऱ्या कंपन्यांच्या आर्थिक ताकदीत आणि वेळेत होता.

एकाच जहाजावर चालणाऱ्या कंपनीची ही मूळ अडचण असते. पंचवीस जहाजे असलेल्या कंपनीचे एक जहाज दुरुस्तीला गेले, तरी तिच्याकडे दुसऱ्या सफरींचे उत्पन्न असते आणि प्रवाशांना पर्यायी तारीख देता येते. एकच जहाज असेल तर जहाज थांबले की कंपनीची आवकच थांबते.

मार्ग ऐनवेळी बदलल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत. जून २०२२ मध्ये चेन्नईहून विशाखापट्टणममार्गे पुद्दुचेरीला निघालेल्या कॉर्डेलियाच्या जहाजाला पुद्दुचेरीत प्रवासी उतरवण्याची परवानगी मिळाली नाही. जहाजावरील कॅसिनोवरून तेथे राजकीय वाद झाला होता. जहाज किनाऱ्यापासून दूर थांबले आणि परतले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या सफरीत मुरगाव येथे केलेल्या चाचण्यांमध्ये ६६ जण करोनाबाधित आढळले आणि जहाज मुंबईला परत आणावे लागले.

अनेकांना कॉर्डेलियाचे नाव माहीत आहे ते ऑक्टोबर २०२१ मधील अमली पदार्थविरोधी पथकाच्या, म्हणजे एनसीबीच्या कारवाईमुळे. ती कारवाई काही प्रवाशांवर होती. त्यात अटक झालेल्या आर्यन खान याचे नाव पुरेशा पुराव्याअभावी मे २०२२ मधील आरोपपत्रात नव्हते. प्रवास म्हणून क्रूझ कशी आहे, हे ठरवताना या प्रकरणाचा उपयोग नाही. पुद्दुचेरीचे उदाहरण मात्र उपयोगाचे आहे. तिथे समुद्र शांत असूनही आणि जहाज ठीक असूनही ठरलेले बंदर मिळाले नाही.

तिकिटाचा खरा आकडा कसा काढायचा?

जाहिरातीतील दर बहुतेक वेळा प्रति व्यक्ती असतो आणि एका खोलीत दोघे राहणार, असे धरून काढलेला असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क किंवा कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिशी, काही वेळा इंधन अधिभार आणि जीएसटी लागतो.

समजा, पुण्यातील एका नोकरदार जोडप्याला २२ हजार रुपये प्रति व्यक्ती असा दर दिसला. दोघांचे ४४ हजार झाले. शुल्के आणि कर मिळून प्रत्येकी सहा हजार धरले तर रक्कम ५६ हजारांवर जाते. जहाजावर मद्य, शीतपेये, वायफाय, शुल्क असलेले उपाहारगृह, स्पा आणि बंदरावरची सहल यांवर नऊ हजार गेले, तर एकूण ६५ हजार. पुणे-मुंबई प्रवास वेगळाच. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. पण जाहिरातीतला दर आणि अंतिम खर्च यांतील अंतर कसे वाढत जाते, हे त्यातून कळते. ६५ हजार रुपये ही अनेक घरांत महिन्याच्या पगाराएवढी रक्कम असते.

सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरताना एकेक आकार उघड करत जाणे, याला ग्राहक संरक्षणाच्या भाषेत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ फसव्या पद्धतींना मनाई आहे, त्यात ही एक आहे. ग्राहकाने न निवडलेला विमा किंवा सेवा परस्पर बिलात घालणे हीसुद्धा त्यातलीच दुसरी पद्धत. त्यामुळे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानाची छायाप्रत जपून ठेवणे उपयोगी पडते.

खोली निवडतानाही नीट पाहावे. सर्वांत स्वस्त खोल्या जहाजाच्या आतल्या भागात असतात आणि त्यांना खिडकी नसते. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाजवळची खोली बरी, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पहिल्या सफरीसाठी हिवाळ्याचे महिने सोयीचे. गर्भवतींसाठी बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्यांची मर्यादा २४ आठवड्यांपर्यंतची आहे. ती तिकीट काढतानाच्या नव्हे, तर प्रवासाच्या तारखेला मोजली जाते. काही महिने आधी आरक्षण करणाऱ्या जोडप्यांनी हा नियम आधीच वाचलेला बरा.

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आहे, म्हणजे ती सरकारी सेवा आहे का?

नाही. आयआरसीटीसीने कॉर्डेलियाची सफर-पॅकेजेस विकण्यासाठी २०२१ मध्ये करार केला. त्यामुळे 'आयआरसीटीसीची क्रूझ' असा शब्दप्रयोग रूढ झाला. पण जहाज चालवण्याची जबाबदारी खासगी कंपनीची आहे. आयआरसीटीसी असो किंवा गल्लीतला ट्रॅव्हल एजंट, तो विक्रेता असतो. परतावा कोण देणार, किती दिवसांत देणार आणि एजंटचे कमिशन परत मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे लागते.

भरघोस सवलत देणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासूनही सावध राहावे लागते. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला सांगितले जात असतील, तर व्यवहार तिथेच थांबवावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता वाढते.

जहाज निघालेच नाही किंवा कंपनीच बंद पडली तर?

सफर रद्द झाली आणि कंपनी सुस्थितीत असेल, तर पूर्ण परतावा किंवा पुढील सफरीसाठी क्रेडिट असे पर्याय मिळतात. क्रेडिटवर अनेकदा काही टक्के जास्तीची रक्कम देऊ केली जाते. अनोळखी आणि एकच जहाज असलेल्या कंपनीच्या बाबतीत हे आमिष तपासून घ्यावे. क्रेडिट म्हणजे कंपनीला दिलेले बिनव्याजी, बिनतारण कर्जच. कंपनी टिकली तरच त्याला किंमत.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर काय होते, हे गो फर्स्ट विमान कंपनीच्या प्रवाशांनी अनुभवले आहे. ३ मे २०२३ पासून या कंपनीची उड्डाणे थांबली, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले. दिवाळखोरी संहितेनुसार प्रक्रिया सुरू असताना कंपनीविरुद्धचे दावे स्थगित राहतात. त्यात ग्राहक आयोगातील तक्रारीही येतात. घर खरेदीदारांना २०१८ च्या दुरुस्तीने वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. तिकीटधारकांना तसा दर्जा नाही, त्यामुळे बँकांची देणी भागल्यानंतर त्यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

अमेरिकेत यासाठी वेगळी व्यवस्था आहे. तेथील बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या, ५० किंवा त्याहून अधिक प्रवाशांची सोय असलेल्या जहाजांच्या कंपन्यांना सफर न झाल्यास पैसे परत करण्याची आर्थिक हमी फेडरल मेरिटाइम कमिशनकडे द्यावी लागते. ब्रिटनमध्ये पॅकेज सहल विकणाऱ्याला दिवाळखोरीपासून ग्राहकाच्या पैशांचे संरक्षण करणे २०१८ च्या नियमांनी बंधनकारक आहे. दहा लाख प्रवाशांचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या देशात प्रवाशांच्या आगाऊ रकमेचे रक्षण कसे होणार, हा प्रश्न टर्मिनलच्या क्षमतेइतकाच महत्त्वाचा आहे. 'कर्णिका'चा अनुभव डोळ्यांपुढे असल्याने तो काल्पनिकही नाही.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात काही साधने आहेत. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डने भरावेत. सेवा मिळालीच नाही तर बँकेमार्फत चार्जबॅकची मागणी ठरावीक मुदतीत करता येते. खात्यातून थेट पाठवलेले पैसे परत मिळवणे त्या मानाने कठीण असते. पूर्ण रक्कम आधी न भरता कमीत कमी आगाऊ रक्कम चालते का, ते विचारावे. प्रवास विमा घेताना कंपनी बुडण्याची जोखीम त्यात समाविष्ट आहे का, हे पाहावे. अनेक पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते.

कंपनीची आर्थिक स्थिती सामान्य माणसाला कशी कळणार?

काही वेळा कागदपत्रे सार्वजनिक असतात. कॉर्डेलिया चालवणाऱ्या वॉटरवेज लेझर टुरिझम या कंपनीने जून २०२५ मध्ये प्रारंभिक समभाग विक्रीसाठी सेबीकडे मसुदा दाखल केला. अशा मसुद्यात कंपनीला स्वतःच्या व्यवसायातील जोखमींचे प्रकरण द्यावेच लागते. गुंतवणूकदारांसाठी लिहिलेले हे प्रकरण प्रवाशालाही तितकेच उपयोगी आहे. कंपनी किती जहाजांवर अवलंबून आहे, जहाजे मालकीची की भाड्याची, कर्ज किती, दावे कोणते, हे जाहिरातीत येत नाही. मसुद्यात ते सांगणे बंधनकारक असते. असा मसुदा नसलेल्या कंपन्यांची नोंदणी आणि जुजबी माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

सुरक्षेचे काय?

जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा आपत्कालीन सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमांनुसार तो चढल्यापासून २४ तासांत घेतला तरी चालत असे. या दुर्घटनेनंतर नियम बदलले. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे.

दोन रात्रींच्या सफरीत हा सराव टाळून थेट जलतरण तलावाकडे वळण्याचा मोह होतो. पण जीवरक्षक जाकीट कुठे आहे आणि आपल्याला कोणत्या ठिकाणी जमायचे आहे, हे पहिल्या तासातच समजून घ्यायचे असते. कंपनी अनोळखी असेल तर हा सराव कर्मचारी किती गांभीर्याने घेतात, यावरूनही बरेच काही कळते.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी कंपनी आणि एजंट दोघांनाही ईमेलवर लेखी तक्रार द्यावी. तिकीट, पावती, जाहिरातीची प्रत, अटी-शर्ती आणि जहाजावर काढलेली छायाचित्रे सोबत जोडावीत. तोडगा न निघाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हा खटल्याच्या आधीचा, समेटाचा मार्ग आहे.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी कोल्हापूर किंवा नागपूरच्या ग्राहकाला मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार 'ई-जागृती' या पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. कराराच्या अटीच अन्यायकारक आहेत, असा दावा करायचा असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

मग पहिल्या सफरीसाठी नवी कंपनी टाळावी का?

तसे म्हणता येणार नाही. परदेशी प्रवासाचा खर्च आणि व्हिसाची धावपळ न करता समुद्रातील दोन दिवस अनुभवण्याची संधी या कंपन्यांमुळेच मिळते. आपल्याला जहाजावर राहणे आवडते का, बोट लागते का, गर्दीत सुट्टी घालवणे जमते का, हे तपासायला छोटी सफर हाच योग्य मार्ग आहे. सात रात्रींसाठी लाखो रुपये मोजून ते कळण्यापेक्षा हे परवडते.

निर्णय घेताना दोघांनी एकमेकांना एक प्रश्न विचारावा. जहाज कोणत्याही बंदरात गेले नाही आणि दोन्ही दिवस समुद्रातच राहिले, तर ही रक्कम खर्च करायला आपण तयार आहोत का? उत्तर 'हो' असेल, तर जहाजाचे नाव आणि वय पाहून, पूर्ण खर्चाचा आकडा काढून, क्रेडिट कार्डने पैसे भरून निघायला हरकत नाही. उत्तर 'गोवा बघायचाय' असे असेल, तर कोकण रेल्वेचे तिकीट काढलेले बरे.